डोकं, शेपूट

मामा तिचा सख्खा, पण सगळं ऑफिस त्याला मामाच म्हणे. भाची एक आणि भाचे चाळीस. तिला मात्र तिथे कोणी भाची म्हणत नसे. केसाच्या शंभराव्या भागाचा फरकही तिला खपत नसे, म्हणून तिचं नाव पडलं होतं फूटपट्टी.

त्या दुपारी दोन वाजता याच फूटपट्टीच्या हातातला घास हातातच राहिला.

फोन होता शाई भरणाऱ्या कारागिराचा. स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यात धातूच्या दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटीत शाईचा थेंब सोडतात. शाईत प्रकाश देणाऱ्या काड्या तरंगत असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. पट्ट्यांना वीज दिली की काड्या गुमान वळतात आणि डोकं प्लसच्या पट्टीकडे, शेपूट दुसरीकडे करून आडव्या पडतात. उलटी पडलेली काडी नंतर पेटत नाही, मग कितीही डोकं आपटा. या पट्ट्या आखणं हे तिचं काम. कारागिराने एवढंच विचारलं, की प्लसची पट्टी डावीकडचीच ना, दोन्ही अर्ध्यांत?

तिने अर्धा ठिपका आखला होता आणि उरलेला अर्धा आरशासारखा उलटवून चिकटवला होता. सगळेच तसं करतात, वेळ वाचतो. पण उलटवल्यावर उजव्या अर्ध्यात प्लसची पट्टी दुसऱ्या बाजूला गेली, आणि नंतर काड्या पेटवणारी खालच्या थरातली वायरिंग उलटवायची राहूनच गेली. तिथे प्लस अजून डावीकडेच होता. म्हणजे निम्म्या काड्या उलट्या. पॅनेल अर्धं आंधळं.

ड्रॉइंग सकाळीच साचेवाल्यांकडे गेलं होतं. तीनला ते काचेवर कोरायला घेणार होते, आणि एकदा कोरलं की ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही.

थांबवायचं तर आखणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने मिळून साहेबांकडे जायचं, आणि तपासणाऱ्याने पडद्यावर चूक बोटाने दाखवायची, असा नियम. तपासणारा होता मामा. आणि मामाला सहा महिन्यांपासून समोरच्या माणसाचं नाकही दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध डाग पडला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. हे फक्त तिला आणि मामीला ठाऊक. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, तेवढे ढकलू, असं तिघांनी स्वयंपाकघरात बसून ठरवलं होतं. तेव्हापासून मामाचा पासवर्ड टाकून, त्याच्या सहीने, ती स्वतःचं काम स्वतःच पास करत होती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

पूर्वी मामा प्रत्येक फटीवर बोट ठेवून मोठ्याने म्हणायचा, ‘डोकं, शेपूट, डोकं, शेपूट.’ ऑफिस हसायचं, तीही हसायची. अंतरं कॉम्प्युटर तपासतो, एवढं पुरे, असं तिला वाटायचं. कॉम्प्युटरला डोकं-शेपूट कळत नाही, हे तिला कळायला हा दिवस उजाडावा लागला.

मामाच्या टेबलाशी वाकून तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. चूक कुठे दाखवायची तेही पढवलं: वरून तिसरा ठिपका, उजवा अर्धा, पडद्याच्या कडेपासून वीतभर आत. मामाने दोनदा घोकलं. तो घाबरला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

साहेबांच्या खोलीत घड्याळ दोन चाळीस दाखवत होतं. साहेबांनी ड्रॉइंग उघडलं, पण मोठं करून. वीतभराचा हिशेब तिथेच फसला. मामाचं बोट हवेत थांबलं, मग डाव्या अर्ध्यावर टेकलं. तिथे सगळं ठीक होतं.

“इथे?” साहेबांनी विचारलं.

तिने बोलावं तर मामा जातो, न बोलावं तर पॅनेल.

मामाने बोट मागे घेतलं. “मला दिसत नाही, साहेब. सहा महिने झाले. चूक उजव्या अर्ध्यात आहे, पोरगी दाखवेल. आधी फोन करा.”

“आणि या सगळ्या सह्या?”

“त्या मीच करत होते,” ती म्हणाली.

साहेबांनी आधी फोन केला. काम थांबलं, दहा मिनिटं राखून. मग त्यांनी मामाचं ऑफिसचं कार्ड मागून घेतलं आणि तिला सांगितलं, की तिचं काय करायचं ते उद्या बघू, तोवर ड्रॉइंग दुरुस्त करून दुसऱ्या तपासनिसाला दे. आवाज चढवला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर तिला रडू फुटलं. तुला सांभाळायलाच केलं रे सगळं, असं ती म्हणत राहिली.

“माहीत आहे,” मामा म्हणाला. भिंतीला हात लावून तो चालत होता, लोकांदेखत पहिल्यांदाच. “पण डोळेच गेले होते माझे, कान नाही. शेजारी बसून वाचून दाखवलं असतंस, तर मी ऐकलं असतं ना गं.”

सहा महिन्यांत तिने एकदाही वाचून दाखवलं नव्हतं. रोज संध्याकाळी ‘झालं, मामा, सगळं ठीक आहे’ एवढंच सांगितलं होतं.

ती टेबलाशी आली, डोळे पुसले, चूक दुरुस्त केली आणि पहिल्या फटीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. कोणी हसलं नाही. दाराशी मामा पिशवी घेऊन निघाला होता. उजवा अर्धा संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.