शेजारच्या गटाला विचार

मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले, तेव्हापासून विज्ञानाच्या बाईंना एका जागी उभं राहवेना. ‘वर्गात गोंगाट फार, शिकवणं कमी’ ही पालकांची कुरकुर सरांच्या कानावर गेली होती.

चौघाचौघांच्या गटांनी खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळायची, ती सेलला जोडायची आणि खिळ्याने टाचण्या उचलून दाखवायच्या, एवढंच काम होतं. बाकीच्या गटांचं जमलं. बाईंच्या स्वतःच्या मुलीच्या गटाचा खिळा मात्र ढिम्म. मुलीने तार दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊच दिली नव्हती.

तारेवर रंगासारखा, वीज अडवणारा पातळ थर असतो आणि तो टोकांशी घासायचा राहिलाय, हे बाईंना लांबूनच दिसलं. ओठांवर आलेले शब्द त्यांनी गिळले.

“आई, सांग ना गं!” मुलगी वैतागून ओरडली. शाळेत ‘बाई’ म्हणायचं ठरलं होतं. वर्ग खो खो हसला.

“शेजारच्या गटाला विचार.”

“ती नक्कल होईल!”

“विचारणं म्हणजे नक्कल नव्हे.”

मुलीने तार बाकावर आपटली आणि तोंड फिरवलं. तिच्या गटातली चष्मेवाली मात्र उठून शेजारी गेली.

तास संपल्याची घंटा झाली. सर उठले. “बाई, फळ्यावर हे दोन मिनिटांत झालं असतं.”

“झालं असतं, सर. पण ते माझं झालं असतं.”

“सहामाहीपर्यंत बघू. निकाल घसरला, तर हे सगळं बंद,” म्हणून ते निघून गेले.

तेवढ्यात चष्मेवाली धावत आली. “अगं, त्यांच्या तारेची टोकं चकाकतायत! आपली नाहीत.” तिने पॉलिश पेपर मुलीच्या हातात कोंबला. “घास तू. मी धरते.”

टाचण्या टपाटप चिकटल्या. बघायला सर नव्हते.

घरी जेवताना मुलगी एकदम म्हणाली, “तुला आधीच दिसलं होतं ना?”

“हो.”

“दुष्ट आहेस तू.”

मुलगी ताट सारून आत गेली. खोलीत तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. थोड्या वेळाने तिचा फोनवरचा आवाज आला, “ए, तुला ती चकाकणारी टोकं दिसली कशी गं?”