कोमळमची साखर

रामदुरै मास्तरांनी कोमळमचं डोकं खांद्याला टेकवलं आणि चिमटीतली साखर तिच्या ओठांत घातली. ती शुद्धीत होती, पण हात थरथरत होते, पाठ घामाने निथळत होती. तळ्याच्या पायऱ्यांवर फिरायला आलेली माणसं वळून बघत पुढे जात होती. साखर समोरच्या कॉफीच्या दुकानातून फुलवाल्या आंडाळने आणली होती.

"मघाशी ती 'जरा बसू का' म्हणत होती," आंडाळ म्हणाली. "तुम्ही म्हणालात, अजून एक फेरी. मास्तर, ही काय तुमच्या शाळेतली पोर आहे?"

मास्तरांनी साखरेची आणखी एक चिमूट तिच्या तोंडात घातली. कुंभकोणमच्या शाळेत जन्मभर त्यांनी कवायत शिकवली होती. बायकोला मधुमेह निघाला तेव्हा तिचं चालणं त्यांनी त्याच शिस्तीने हाती घेतलं. सकाळी इन्सुलिन, मग इडली, मग तळ्याभोवती फेऱ्या. ते दोन पावलं पुढे, ती मागे. त्या सकाळी चालता चालता तिच्या रक्तातली साखर एकदम उतरली होती.

त्या दिवसापासून त्यांनी फिरण्याचं नाव काढलं नाही. सकाळी कोमळम पदर खोचून दाराशी आली, की ते पेपर उघडत.

"आज नको. ऊन आहे."

कधी ऊन, कधी गर्दी. ती परत आत जाई. रात्री ती पाणी प्यायला उठली, की मास्तर डोळे मिटून पडून राहत. ती पुन्हा पुन्हा उठू लागली होती.

तपासणीचे कागद बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"साखर बरीच चढली आहे. चालणं बंद केलंत?"

"मी बंद केलं," मास्तर म्हणाले. "माझ्यामुळे त्या दिवशी ती पडली असती. मीच ओढत नेलं तिला."

"मग ओढू नका. पण चालू द्या. खाऊन निघायचं, खिशात गूळ किंवा गोळ्या ठेवायच्या, चक्कर वाटली की बसायचं. एवढंच."

घरी आल्यावर मास्तर ओसरीवर बसले. कोमळमने ताकाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि उभीच राहिली.

"अहो, बाईंना तुम्ही उगाच सांगितलंत. चूक तुमची नव्हती."

"तू बसू का म्हणालीस. मी ऐकलं नाही."

"त्या दिवशी मी इडल्या खाल्ल्याच नव्हत्या. इन्सुलिन घेतलं, आणि तुम्ही आंघोळीला गेल्यावर इडल्या गायीला घातल्या."

मास्तरांनी मान वर केली. छातीवरचं ओझं क्षणभर हललं.

"का पण?"

"आदल्या रात्री भाचीच्या डोहाळजेवणात पाकातल्या दोन जांगिऱ्या खाल्ल्या होत्या मी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बोटाला सुई टोचणार, यंत्रात आकडा बघणार." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "आकडा वाढला, की तुम्ही रागावत नाही. नुसते बघता आणि न बोलता जेवता. त्यापेक्षा उपाशी राहणं बरं वाटतं. कमी आला, की कसे खूश होता."

"याआधीही केलं होतंस?"

ती आत वळली. "ताक प्या. गरम होईल."

ताक तसंच राहिलं. शर्यतीत शेवटी येणाऱ्या पोरांकडे आपण कसं बघायचो, ते मास्तरांना आठवलं. त्या पोरांनी कधी तक्रार केली नव्हती.

संध्याकाळी कोमळम नेहमीसारखी त्यांच्यासमोर बसली आणि तिने बोट पुढे केलं. मास्तरांनी यंत्राची पेटी उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"तूच बघ," ते म्हणाले. आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मागे पेटी उघडल्याचा आवाज आला.  बऱ्याच वेळाने ती बंद झाली.

आकडा किती, ते तिने सांगितलं नाही. मास्तरांनी खिडकीचा गज घट्ट धरला होता. त्यांनी विचारलं नाही.