अंबूभाईच्या तंबाखूतली बया

कालीचे डोळे फिरले तशी मांत्रिक शनाभुव्याने डमरूवर थाप मारली, आणि बांधावरच्या चाळीस माणसांनी एकदम हात जोडले.

"सोड तिला! सोडतेस की नाही?" भुवा घुमू लागला. "सात पिढ्यांचा भुवा आहे मी! दारूला शिवलो नाही, तंबाखूला शिवलो नाही! बोल, कोण तू?"

काली काय बोलणार? विशीची पोर. दोनदा ओकून झालं होतं, हातपाय लटलटत होते. ती कशीबशी म्हणाली, "पाणी..."

"पाणी! ऐकलंत?" भुव्याने बोट नाचवलं. "विहिरीत बुडून मेलेली बया आहे ही!"

गर्दीच्या अंगावर काटा आला. शेतमालक अंबूभाईच्या रानात कधीच विहीर नव्हती, कूपनलिका होती. पण असल्या बारीकसारीक गोष्टींत भुवा शिरत नसे.

झुमली बांधावर विडी ओढत हा तमाशा पाहत होती. साठीची विधवा, जिभेला धार. ही सगळी मजुरांची टोळी गुजरातेतल्या दाहोदकडची. हिवाळ्यात खेडा जिल्ह्यात उतरायचं, बांधावर पालं ठोकायची आणि उजाडल्यापासून तंबाखूचे शेंडे नि बगलेतले फुटवे खुडायचे. मुकादम भावसिंग तिच्या दिराचा मुलगा, काली त्याची सून.

भुव्याचा उतारा ठरलेला होता. कोंबडा आणि नारळ त्याच्या पिशवीत. झपाटलेलीला कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, धुतलेलं लुगडं, लिंबूमिठाचं पाणी, आणि दिवसभर झाडाखाली निजणं. दुसऱ्या दिवशी काली ठणठणीत उठली. भुव्याचा जयजयकार झाला.

"भुवा, तुझी बया दव बघून येते होय रे?" झुमलीने विचारलं. "परवा सुका वारा सुटला होता, तर दोन दिवस फिरकली नाही."

"गारवा आवडतो तिला, म्हातारे."

"आणि शेठला कशी धरत नाही?"

"शेठ बांधावर असतात. बयेला बांध चढता येत नाही."

अंबूभाईंनी गंभीरपणे मान डोलावली. बयेविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. ती होती म्हणून तर कुणी साबण मागत नव्हतं, हातमोजे मागत नव्हतं, उन्हं वर आल्यावर कामाला येतो म्हणत नव्हतं.

पण झुमलीचे प्रश्न भुव्याला झोंबले. आठवड्याने आणखी तीन बाया ओकत पडल्या, तेव्हा त्याने डमरू थांबवला आणि डोळे मिटून म्हणाला, "टोळीतल्या सगळ्या बायांना एकदा तरी धरलं. एकीलाच धरलं नाही. का? अरे, जी पाठवते तिला ती कशी धरेल?"

सगळ्यांच्या माना झुमलीकडे वळल्या. एका बाईने आपलं लेकरू पदराखाली ओढलं.

"डाकीण आहे ही! उद्या सकाळी हिचे केस उतरवा आणि शिवेबाहेर हाकला!"

"भावसिंग," झुमली म्हणाली, "तू तरी बोल की रे."

"मी काय बोलू, काकी?" भावसिंग पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "भुवा सांगतोय..."

झुमलीच्या हातातली विडी विझली. तिच्या माहेरी एका विधवेला असंच डाकीण ठरवलं होतं. तिथे ते केसांवर थांबलं नव्हतं.

ती तशीच उठली आणि दुपारच्या उन्हात दोन कोस चालत सरकारी दवाखान्यात गेली. नर्स दक्षाबेनने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, रागावलीही नाही. प्रश्न मात्र भलतेच विचारले.

"पानं ओली असतात? हात उघडे असतात? लुगडं भिजतं?"

"कमरेपर्यंत."

"गडीमाणसं आजारी पडतात?"

"एखादाच. भुवा म्हणतो बयेला बायकाच लागतात."

"गडी विड्या ओढत असतील. आणि मावशी, तुम्ही?"

"तीस वर्षं झाली," झुमली ओशाळून म्हणाली.

दक्षाबेनने कपाळावर हात मारला. "मग भूत कुठलं? तंबाखूचं विष दवात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. चक्कर, ओकारी, थरथर. तुमच्या अंगाला ते विष सवयीचं झालंय, म्हणून तुम्ही उभ्या. पोरींच्या अंगाला नाही, म्हणून त्या पडतात. आंघोळ केली, कपडे बदलले, निजलं की उतरतं. भुवा तेवढंच करतो, वर कोंबडा नेतो."

सकाळी वस्तरा घेऊन भुवा हजर होता. झुमलीही होती, दक्षाबेनला घेऊन.

"केस देते," झुमली म्हणाली. "पण आधी तू चार तास खुड. तुझी देवी तुला राखतेच. नाही पडलास तर वस्तरा मी स्वतः लावून घेते."

"भुवाजी, हे विष आहे," दक्षाबेनने प्लास्टिकचा अंगरखा पुढे केला. "करूच नका. करायचंच तर हा घाला."

"विष तुम्हा लोकांना!" भुवा हसला. चाळीस माणसं बघत असताना माघार घेणं त्याच्या धंद्याला परवडणारं नव्हतं. उघड्या अंगाने तो ओल्या तंबाखूत शिरला. सूर्य चांगला वर आला तेव्हा चिकट, काळपट हातांनी छाती ठोकत बाहेर आला. "बघा! आहे का काही?"

मग तो झाडाखाली बसून आपल्या सात पिढ्यांचा पराक्रम सांगू लागला. तिसऱ्या पिढीवर त्याला घाम फुटला. चौथीला जीभ अडखळली. पाचवी सुरू व्हायच्या आधी तो भडभडून ओकला आणि बाजूला कलंडला.

कालीने पुढे होऊन विचारलं, "भुवा, पाणी देऊ? का आधी नाव सांगतोस?"

हशा पिकला, पण दक्षाबेन हसली नाही. तिने त्याला साबणाने धुतलं, कोरडं धोतर नेसवलं, साखरमिठाचं पाणी घोटघोट पाजलं आणि अंबूभाईंच्याच जीपमधून दवाखान्यात धाडलं. दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. कोंबडा न देता.

"कळलं ना?" त्याच सकाळी पुन्हा बांधावर आलेली दक्षाबेन टोळीला म्हणाली. "दव सुकल्याशिवाय शेतात पाय टाकू नका. पूर्ण बाह्या, अंगरखे, हातमोजे, साबण, हे शेठने द्यायचं. आणि कुणी औषध म्हणून विडी धरू नका. तेच विष आहे. मावशींचा खोकला ऐका."

"उशिरा सुरू केलं तर माझं काम संपणार कधी?" अंबूभाई ओरडले.

कुणीच उठलं नाही. चाळीस माणसं बांधावर बसून दव सुकायची वाट पाहत राहिली. अंबूभाईंनी येरझाऱ्या घातल्या, आणि शेवटी गड्याला साबण नि हातमोजे आणायला बाजारात पिटाळलं.

भावसिंग काकीशेजारी येऊन बसला.

"काकी, चुकलो."

"चुकलास," झुमली म्हणाली. "वस्तरा माझ्या डोक्यावर आला असता आणि तू माती उकरत बसला असतास. पुढल्या खेपेला कुणी पडलं तर आधी बघ, तिने हात कशाला लावला होता. कुणाची नजर लागली ते विचारू नकोस. मी नसेन तेव्हाही."

वाचणाऱ्यांनो, दवाखाना दोन कोसांवर होता. भुवा बांधावरच होता, एवढाच काय तो त्याचा चमत्कार. तेवढे दोन कोस चालायची सवय आपण सगळ्यांनीच लावून घ्यायला हवी.