सतरा नंबरचा खोकला

मी एक जुना हेडफोन आहे. मित्रांनो, माझा उजवा कान आता गेला आहे, डावा तेवढा खणखणीत आहे. वाटूर गावातल्या एका घरात कॅलेंडरच्या खिळ्याला मी लटकून असतो. माझ्या आयुष्यात एक दुपार अशी आली की तिचा धक्का अजून ओसरलेला नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. जालन्याच्या एका दुकानात काचेआड बसलो होतो, तेव्हा याच घरातल्या शालूनं मला उचललं आणि थेट कानाला लावून पाहिलं. तिला वैमानिक व्हायचं होतं. त्यासाठी इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची एक परीक्षा असते. विमानातला वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक रेडिओवर काय बोलतात, ते खरखरीतूनही नीट समजावं लागतं. सहा पायऱ्यांपैकी निदान चौथी गाठली नाही, तर परवान्याचं नाव काढायचं नाही. माझी भावंडं कुठं कुठं गाणी ऐकवत असतील, मी मात्र विमानं ऐकवत होतो!

शालूच्या फोनमध्ये सरावाच्या चाळीस ध्वनिफिती होत्या. दहा महिने आम्ही त्याच वाजवल्या. माझ्या कानांवरचा फोम भुगा होऊन गळाला, तेव्हा तिच्या आईनं, उषाबाईंनी, जुन्या परकराच्या कापडाची टोपडी शिवून मला घातली. वायर सोलली तिथं वडिलांनी, भुजंगरावांनी, विहिरीवरच्या मोटारीची काळी चिकटपट्टी गुंडाळली. एवढे लाड कुठल्या हेडफोनच्या नशिबी येतात?

घरी पाहुणा आला की चहाच्या आधी हाक जायची, "शालू, तेवढं इमानाचं म्हणून दाखव." मग ती हात मागे बांधून बारा नंबरची फीत धडाधडा म्हणायची. वैमानिकही तीच, नियंत्रकही तीच. शेजारच्या नंदामावशी तर पदरानं डोळे पुसायच्या. शाळेत शालू अशाच पाठांतरावर दरवर्षी पहिली आली होती. मीही खुळ्यासारखा फुगून जायचो.

परीक्षा नऊ दिवसांवर आली आणि शालूच्या फोनची काच फुटली. फिती नव्या फोनमध्ये घेताना त्यांचा क्रम उलटापालटा झाला. शालूनं तिकडे पाहिलंच नाही. नेहमीच्या क्रमानंच फीत लागणार असं धरून रोजच्यासारखी वही उघडून बसली. शेजारी उषाबाई शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, "मला बी ऐकू दे की. दहा महिने झाले, काय ऐकून राह्यलीस ते तरी कळू दे."

शालूनं हसून माझा डावा कान आईला दिला आणि उजवा स्वतःला ठेवला.

फीत सुरू झाली. वैमानिक सांगत होता, विमानाच्या मागच्या भागात धूर भरला आहे. तो खोकत होता, आवाज चिरकत होता, लवकर उतरू द्या म्हणत होता. आणि शालूचं पेन सुरळीत चाललं होतं. तिनं लिहिलं, धावपट्टी ओली आहे, विमान वीस मिनिटं थांबेल, बाकी सगळं ठीक.

मित्रांनो, मी हादरलो! धूर म्हणतोय तो, शालू, धूर! पण मला दुसऱ्यांचेच आवाज पोचवता येतात, स्वतःचा नाही.

फीत संपली. उषाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली होती.

"काय झालं गं त्या मानसाला?"

"काही न्हाई माय. पाऊस पडला तिथं, जरा थांबून राह्यला तो."

"मंग एवढा खोकतो कामून? लय घाबरलाय तो."

"तुला इंग्रजी कळतं का?"

"इंग्रजी न्हाई कळत. घाबरलेलं मानूस कळतं, बिलकुल कळतं. परत लाव."

शालूनं कुरकुरत फीत परत लावली आणि नंबर पाहिला. सतरा! ऐकता ऐकता तिनं वहीतली ओली धावपट्टी खोडली. तिनं मला मांडीवर ठेवलं.

"माय, मी ऐकतच न्हाई," ती म्हणाली. "दहा महिने मी नुसती म्हणून राह्यले. आज मी खरंच वर असते तं..."

उषाबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. लेकीला पाहुण्यांपुढं उभं करणाऱ्या त्याच होत्या ना! मग त्या म्हणाल्या, "आता फीत मी लावत जाईन. मला वाचता येत न्हाई, कुठली बी लागंल."

पुढचे आठ दिवस, गोंगाटातही ऐकायची सवय व्हावी म्हणून, आम्ही तिघं हमरस्त्याच्या फाट्याजवळ कडुलिंबाखाली बसलो. ट्रकचे हॉर्न वाजत असायचे. शालूनं कधी न ऐकलेल्या, नाना देशांच्या वैमानिकांच्या नव्या फिती घेतल्या. प्रत्येक फितीनंतर उषाबाई आधी विचारायच्या, "मानूस कसा हाय? घाबरलाय का निवांत?" मग शालूनं ऐकलेलं सगळं परत सांगायचं. पहिले तीन दिवस निम्मं चुकलं. माझा तर धीर सुटला होता.

परीक्षेला ती हैदराबादला गेली, माझ्याविना. तिथं त्यांचे हेडफोन असतात. परत आली ती पाणीही न घेता ओट्यावर बसली.

"माय, तिथली एक फीत आपल्या ओल्या धावपट्टीसारखीच सुरू झाली. तेच शब्द. माझा हात आपोआप लिहायला लागला. आन् मधीच तो वैमानिक थांबला, नुसता श्वास ऐकू आला. मी पेन कागदावरनं उचललं आन् ऐकलं. त्याच्या धावपट्टीवर दुसरं विमान उभं होतं, माय!"

पंधरा दिवसांनी चौथ्या पायरीचा कागद आला, तरी त्या घरात त्या विमानाचीच गोष्ट निघत होती.

आता शालू दूरच्या गावी विमान चालवायला शिकते. माझ्यावर धूळ बसते, टोपडी विरली आहेत. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल. त्याला कधीतरी फडक्यानं पुसा, वायर ओढून मोडू नका. आणि कानाला लावलंत, तर कृपा करून ऐका.

परवा शालूचा फोन आला. उषाबाईंनी विचारलं, "का गं, तो सतरा नंबरवाला उतरला का मंग?"

फीत तर खोकल्यापाशीच संपते. तो प्रश्न शालूला कधी पडला नव्हता. मलाही नाही, आणि मी तर त्या माणसाला शेकडो वेळा माझ्यातून जाऊ दिलं होतं.