बोट बुडवलं

पाणीपुरवठा खात्यात, गळती शोधण्याच्या विभागात माझी सगळी नोकरी गेली. कुठल्या रस्त्याखाली नळ फुटलाय हे मी खुर्चीत बसून सांगायचो आणि मी कुठे चुकलो हे खणणारे खड्डा खणून सांगायचे. अशा माणसाने निवृत्तीनंतर एक जुनी, केबिनची मोटरबोट घ्यावी आणि तिची मोरी गळावी, याला मी दैवाची थट्टा म्हणतो. बायको कर्माचं फळ म्हणते.

मोरी हा शब्दही तिचाच. विकणाऱ्याने 'शॉवर रूम' म्हणून दाखवलेली ती जागा कपाटाएवढी. खाली फायबरचा ट्रे, ट्रेला मधोमध भोक. भोकातून पाणी नळीने एका डब्यात जातं आणि डब्यातला पंप ते बाहेर फेकतो, असं ठरलेलं होतं. पाणी मात्र वाटेतच उतरायचं, फळ्यांखालून झोपायच्या बाकाकडे जायचं आणि गादीत मुरायचं. भिजायची ती बाजू नेमकी बायकोची.

पहिल्यांदा तिने चालवून घेतलं. मी सिलिकॉनने दिसेल ती फट बुजवली आणि "झालं! आता थेंब गळायचा नाही," असं छातीठोकपणे सांगितलं. त्या रात्री ती ओल्यात झोपली. मग मी पंप बदलला. पुन्हा छाती ठोकली, पुन्हा गादी ओली. त्यानंतर ती बोटीवर आलीच नाही. "तुमचं 'झालं' ऐकलं तरी मला सर्दी होते," म्हणाली.

वाईट याचं वाटलं, की बोट मी आम्हा दोघांसाठी घेतली होती. मुलं आपापल्या घरी गेल्यापासून घरात तिची एक खोली आणि माझी एक खोली झाली होती, बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. बोटीवर एकमेकांना टाळायला जागाच नाही, एवढाच माझा डाव होता. आता तिथे मी एकटाच चहा करायचो आणि वाऱ्याशी गप्पा मारायचो. वारा उलट बोलत नाही, त्यामुळे मजा येत नाही.

गेल्या रविवारी मला नवीनच धास्ती पडली. पाणी मोरीचं नसून समुद्राचं असलं तर? शेजारच्या बोटीवर एक दंतवैद्य असतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "चव घ्या की! खारट लागलं तर बोटीला भोक पडलंय. गोडं लागलं तर तुमची मोरी."

दुसऱ्याच्या तोंडात काय जातं याची त्यांना सवयच आहे. मी फळी उचलली, खालच्या पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं. गोडं! साबणासकट गोडं! इतका आनंद झाला की लगेच घरी फोन लावला. "अगं, मी बोट बुडवलं आणि..." एवढ्यात फोनची बॅटरी संपली.

थोड्या वेळाने धक्क्यावरून कुणीतरी धावत येताना दिसलं. घरातल्या चपला, विस्कटलेले केस, हातात पिशवी. ही होती. मला कोरडा ठणठणीत बघून ती मटकन खालीच बसली.

"बुडवली म्हणालात ना?"

"बुडवलं म्हणालो. हे बोट," मी तर्जनी वर केली. "बोट बुडवली असती तर बुडवली म्हणालो असतो. नपुंसकलिंग..."

"अहो, व्याकरण घाला चुलीत!" ती ओरडली आणि रडायला लागली. पिशवीत माझे कोरडे कपडे होते, दोन टॉवेल होते आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. मला माझीच लाज वाटली. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

डोळे पुसून ती उठली. "ही गळती आज माझ्यासमोर बंद होणार. बंद झाली की मी सुटले. पुन्हा मला इथे बोलवायचं नाही. कबूल?"

काय करणार? कबूल म्हणालो.

मी ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओतलं. ती बाकाखाली पालथी पडून, टॉर्च लावून नळीच्या सांध्याकडे बघत होती. थेंब नाही. दुसरी बादली, तरी नाही. "बघ, नेहमी हे असंच होतं," मी कुरकुरलो.

"तुम्ही बादलीत बसून आंघोळ करता का? उभे राहा आत."

मी कपड्यांसकट आत उभा राहिलो आणि शॉवर सोडला.

"गळतंय! बाहेर या... थांबलं. आत जा... गळतंय." मग बाकाखालून हसू ऐकू आलं. "अहो, गळती म्हणजे तुम्हीच आहात!"

माझ्या वजनाने ट्रे खाली दबत होता आणि भोकाशी नळीचा सांधा उघडत होता. मी इतके दिवस सिलिकॉन लावत सुटलो होतो, पोट मात्र तसंच ठेवलं होतं.

भाजी कापायचा लाकडी पाट करवतीने कापून आम्ही ट्रेखाली टेकू दिला. सांध्याला नवा रबरी वायसर घातला, नळीवर पट्टी आवळली. जागा इतकी अरुंद की माझं कोपर तिच्या कानाला लागत होतं आणि तिच्या शिव्या थेट माझ्या कानात पडत होत्या. वर्षभरात बोललो नसू एवढं बोललो. दोनदा ती इतकी हसली की टॉर्च हातातून पडला.

मग शेवटची परीक्षा. मी पुन्हा आत, ती पुन्हा बाकाखाली. मी शॉवर सोडला, पाय आपटले, उड्या मारल्या. खालून काहीच आवाज येईना. सांधा पक्का बसला होता. साऱ्या नोकरीत मला एकही गळती अशी बंद करता आली नव्हती, आणि ही बंद झाली म्हणून मला रडू येत होतं. आता ती हात पुसणार, चपला घालणार आणि जाणार.

"काय गं?" मी शेवटी विचारलं.

"गळतंय अजून," ती म्हणाली. "थोडंसं."

मी पाणी बंद केलं आणि ओल्या कपड्यांनीच तिच्या शेजारी पालथा पडलो. तिने टॉर्च विझवला होता. अंधारात चाचपून मी सांध्याला बोट लावलं. कोरडा ठाक.

"थोडंसं कुठलं," मी म्हणालो, "चांगलंच गळतंय. पुढच्या रविवारी यावं लागेल तुला."