माईकवर ठोकू नये

माझ्या ताईचं तोंड तुम्ही दाबलंत. हाताने नाही, बटणाने. हाताने दाबलं असतंत तर निदान चारचौघांना दिसलं तरी असतं.

तुम्ही वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसता. टेबलाजवळ स्पीकर आहे. खाली गोठवलेल्या फळांच्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक माईक आणि एक छोटा स्पीकर, सगळे एकाच तारेवर. ती तार आधी माझ्या खोलीत येते, मग तुमच्या कानात जाते. आत पेट्या मोजणारी माणसं आकडे सांगतात, मी उतरवून घेते. कोणी पुटपुटायचं, कोणी कानठळ्या बसवायचं, आणि तुमचं डोकं दुखायचं. म्हणून तुम्ही ते यंत्र आणून माझ्या खोलीत बसवलंत. हळू आवाज ते उचलतं, मोठा दाबतं, सगळ्यांना एका उंचीला आणून ठेवतं. वर एक छत, त्यापलीकडे कोणाचाच आवाज जाणार नाही. पंख्यांची घरघर नको म्हणून खाली एक दारही ठेवलंत. आवाज फारच बारीक असला की ते बंद होतं आणि स्पीकर गप्प.

यंत्र बसवणाऱ्याने माझ्यासमोर तुम्हाला सांगितलं होतं, "साहेब, इतकं दाबलंत तर एकदा खाली गेलेला आवाज वर यायला वेळ लागेल."

तुम्ही म्हणालात, "लागू दे. कोणाला कुठे गाडी पकडायचीये?"

मग त्याच्या बटणांवर पत्र्याचं झाकण बसलं आणि झाकणावर तुमच्या सहीचं सील.

आता आमची सवय सांगते, कारण तुम्ही सगळं त्या सवयीवर ढकललंय. गारठ्यात माईक कधी चालतो, कधी चालत नाही. म्हणून बोलायच्या आधी त्यावर दोनदा ठोकायचं, सुरू आहे ना बघायला. मलासुद्धा ताईनेच शिकवलं. यंत्र आलं तशी गंमत झाली. ठक ठक झालं की यंत्र दचकून सगळा आवाज खाली दाबायचं, आणि तो वर येईपर्यंत बोलणाऱ्याचं बोलून झालेलं असायचं. मी म्हणायचे, परत सांगा. ते परत ठोकायचे. आम्ही हसायचो. दुसरं करणार काय, सील तुमचं.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत माझ्या स्पीकरवर ठक ठक आलं. मग काही नाही. पुन्हा ठक ठक.

"कोण आहे? सुट्टीत कसली मोजणी?" मी माझ्या माईकवर विचारलं. माझा आवाजही त्याच यंत्रातून जातो. आतल्या पंख्यांपुढे तो म्हणजे बहिऱ्याच्या कानात कुजबुज.

ठक ठक. काही नाही.

तेवढ्यात भोंगा दारात आला. पेट्यांची गाडी चालवतो, आवाजावरून नाव पडलंय. "चिमे, तुझी ताई आमच्यावर रुसली का? तिचा चहा मीच पिऊन टाकला."

"ती चहाला आली नाही?"

"आली असती तर मला मिळाला असता का?"

खोल्यांच्या दारांना आतून मूठ असते, पण बर्फ धरला की ती फिरत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही. भोंग्याला म्हटलं, "पळ, एकेक दार उघड." तो पळाला. पण दारं किती, आणि प्रत्येक खोलीत पेट्यांच्या भिंती. ती कुठल्या खोलीत आहे, ते फक्त तीच सांगू शकत होती. आणि सांगत होती. मला दिसत होतं. ठक ठक झालं की यंत्राची सुई खाली पडायची आणि गोगलगायीसारखी वर सरकायची. ती वर येते न येते तोच पुन्हा ठक ठक. ताईला वाटत होतं माईक बंद पडलाय, म्हणून ती जोरात ठोकत होती. जितकी जोरात ठोकायची तितकी जास्त पुरली जात होती.

मी तुम्हाला फोन केला.

"साहेब, ताई आत अडकलीये. झाकण उघडते."

"सील तोडायचं नाही. दारं बघा ना."

"दारं बघताहेत. तिचा आवाजच येत नाहीये."

"मग ती बोलत नसेल," तुम्ही म्हणालात. हे तुमचे शब्द. मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका.

स्क्रू काढत बसले नाही. कात्री घालून पत्रा वाकवला. पहिलं बटण चुकीचं फिरवलं, छताचं. पुढचं ठक ठक बंदुकीसारखं आलं आणि नंतर तीच शांतता. दुसरं बटण, आवाज सावरायला किती वेळ द्यायचा त्याचं, पार कमीवर नेलं. ठक ठक, आणि लगेच तिचा आवाज. "...न नंबर..." तुटला. तिचा आवाज इतका खोल गेला होता की खालचं दार त्यालाही घरघर समजून बाहेर ठेवत होतं. ते दार सताड उघडलं. सगळे पंखे एकदम माझ्या खोलीत घुसले, आणि त्यांच्यामागून ताई, अगदी शांत, मोजणी सांगावी तशी.

"तीन नंबर. मूठ फिरत नाही. चिमे, ऐकतेस का गं? तीन नंबर."

मी खिडकीतून ओरडले. त्या ओरडण्याला छत नव्हतं. भोंग्याने तीन नंबर उघडला, तेव्हा ती माईकला चिकटून उभी होती.

ताई जिवंत आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांना काही कळत नाही, शर्टाची बटणं आता दाजी लावून देतात. तिला विचारलं तर हसते. "लग्नाला इतकी वर्षं झाली, तेव्हा कुठे नवरा कामाला आला."

आणि तुम्ही काय केलंत? बटणं जिथे होती तिथे परत नेलीत. नवं झाकण, नवं सील, वर जाळी. मला त्याच खुर्चीत बसवलंत, नुकसान केल्याचा ठपका ठेवून. भिंतीवर पाटी लावलीत, माईकवर ठोकू नये. तीन नंबरची मूठ तशीच आहे. मी स्वतः फिरवून पाहिली.

सोमवारी ताई कामावर येतेय. रजा वाढवून द्यायला तुम्ही नाही म्हणालात. मोजणी तीन नंबरपासून सुरू होते. ती आत जाईल, दार लागेल, आणि मी जाळीबाहेर बसून सुईकडे बघत राहीन.

ती आत जायच्या आधी मला उत्तर हवंय, सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडून. तिचा आवाज बारीक झाला तर तो कुठल्या उंचीपर्यंत माणसाचा धरायचा आणि कुठून खाली घरघर समजायची?