पाठ केलेले दहा शब्द

"पितळीनंतर काय?" येरमाळ्याच्या स्टँडवर दीपमालानं विचारलं.

"चुलता," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मग पायरी. मग बोर. किती बारी इचारतीस?"

"तिथं अडायला नको म्हणून."

"सासरी धाडताना म्या तुला इतकं शिकवलं नव्हतं."

दीपमाला हसली नाही. धाराशिवची एसटी लागली तशी तिनं आईचा दंड धरला.

सहा महिन्यांपूर्वी, स्मरणशक्तीच्या पहिल्या तपासणीत, डॉक्टर अक्षरा यांनी हेच दहा शब्द वाचून दाखवले होते आणि अर्ध्या तासानं परत विचारले होते. आईला तीन आठवले. शेजारी बसलेल्या दीपमालानं दहाही मोबाइलमध्ये उतरवून घेतले. कळंबच्या शाळेत ती चौथीला शिकवायची. येत नाही ते पाठ करून घ्यायचं, ही तिची रोजची रीत होती.

वडील, महारुद्र, जाऊन आठ महिने झाले होते. एचआयव्ही दोघांनाही होता. दोघांच्याही गोळ्या वर्षानुवर्षं चुकल्या नव्हत्या. रक्तात विषाणू सापडत नव्हता. तरी शेवटच्या वर्षी वडील आपल्याच फाट्यावर उतरून आपल्याच गावाची वाट विचारत राहिले. लोकांना वाटलं, प्यायलेत. हसले. यंदा आई गॅसवर दूध ठेवून शेजारी जाऊन बसली, आणि दीपमालाच्या डोळ्यांसमोर तोच फाटा आला.

धाराशिवला डॉक्टरांच्या खोलीत पडद्यावर आईच्या मेंदूच्या एमआरआयचे राखाडी काप होते, गेल्या आठवड्यात काढलेले. शब्दांची तपासणी नुकतीच उरकली होती.

"असे साडेतीनशे मेंदू आम्ही कॉम्प्युटरला दाखवलेत," डॉक्टर म्हणाल्या. "फोटो, आणि त्या माणसाला किती आठवलं ते. कुठला भाग आकसला की काय विसरतं, हे तो त्यातून शिकतो. मावशींचा फोटो बघून त्यानं सांगितलं, तीन शब्द. मावशींनी दहा सांगितले. ओळीनं."

"मशीन चुकलं म्हणायचं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"चुकलं. आता त्याला हेही दाखवू, की असा मेंदू सगळं लक्षात ठेवतो." त्यांनी फाइल ओढली. "मेंदूत दडलेल्या विषाणूपर्यंत जास्त पोचणाऱ्या गोळ्या सुरू कराव्यात असं माझ्या मनात होतं. पण आता त्याची गरज दिसत नाही."

त्या लिहू लागल्या. दीपमाला पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. बोटाचं टोक पांढरं पडलं.

"मॅडम, शब्द मी पाठ करून घेतलेत."

पेन थांबलं.

"कधीपासून?"

"सहा महिने. रोज संध्याकाळी, फोनवर."

"यादी आम्हीच बदलायला हवी होती," डॉक्टर म्हणाल्या आणि खणातून दुसरा कागद काढला. "मावशी, पुन्हा एकदा बसाल?"

दीपमालानं खुर्ची आईजवळ सरकवली.

"तू भाईर बस," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"मी काही सुचवणार नाही, आई."

"तसं न्हाय. तू म्होरं असलीस की मला येतंय असंच दाखवावं लागतंय. फोनवर बी तुझा आवाज आला की म्या आधी छातीवर हात ठेवून धीर गोळा करती, मग बोलती."

डॉक्टरांनी कागद उगाच सरळ केला. दीपमाला उठली.

बाहेरच्या बाकावर फाइली घेऊन माणसं बसली होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अर्धा तास ती भिंतीला टेकून उभी राहिली. दार नीट लागलं नव्हतं.

"हं, पहिला शब्द?" आतून डॉक्टरांचा आवाज आला. मग काहीच नाही. "आणि दुसरा?"

दीपमालाचा हात दाराकडे गेला आणि तसाच राहिला.

"न्हाय आठवत," आई म्हणाली, कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता अशा मोकळ्या आवाजात. "फुडं इचारा."